डॉट कॉम विसराल, तर काम तमाम!

वीजबिल आठवतं, मोबाइलचा रिचार्ज आठवतो, गाडीचा इन्शुरन्सही आठवतो. पण वेबसाइटच्या डोमेनची, म्हणजे तिच्या पत्त्याची, मुदत संपायची तारीख? इथे भल्याभल्यांची विकेट पडली आहे! चला, बघू या कोणाकोणाची.

३५ डॉलरचा फटाका
माहीत आहे का? १९९९च्या ऐन ख्रिसमसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल या ईमेल सेवेचं लॉगिन गंडलं. कारण काय, तर लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमची ३५ डॉलरची फी मायक्रोसॉफ्टने भरलीच नव्हती! शेवटी टेनेसीतल्या मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ती भरली. गंमत म्हणजे हा पठ्ठ्या होता मायक्रोसॉफ्टच्या विंडोजशी स्पर्धा करणाऱ्या लिनक्सवाला! मायक्रोसॉफ्टने आभारादाखल ५०० डॉलरचा चेक धाडला.

पुन्हा तेच!
चारच वर्षांनी, २००३ मध्ये, हॉटमेलचं ब्रिटिश डोमेनही रिन्यू करायचं राहिलं आणि ते भलत्याच माणसाने घेतलं. नशीब, माणूस सज्जन निघाला. त्याने ते परत देऊ केलं.

बातमीदारांचीच बातमी
२००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टचं ईमेलचं डोमेन एक्स्पायर झालं. अख्ख्या जगाची खबर ठेवणाऱ्यांचे ईमेल ठप्प!

टचडाउन नाही, साइट डाउन
२०१० मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या बड्या डॅलस काउबॉइज संघाची वेबसाइट डोमेन रिन्यू न केल्याने गायब झाली. तीही कोचची हकालपट्टी गाजत असताना, म्हणजे चाहते धडाधड क्लिक करत असताना!

इथे मात्र हसू थांबतं
२०१६ मध्ये अमेरिकेत कर्णबधिरांसाठी व्हिडिओ कॉलची सेवा देणाऱ्या सोरेन्सन कम्युनिकेशन्सचं डोमेन लॅप्स झालं. ग्राहकांना या सेवेवरून ९११ हा इमर्जन्सी नंबरही लावता येईना. कंपनीला हे प्रकरण सुमारे ३० लाख डॉलरला पडलं. डोमेन रिन्यू करणं हे कधी कधी जीव वाचवण्याइतकं मोठं काम असतं!

गूगल विसरलं नव्हतं हं!
२०१५ मध्ये कच्छच्या मांडवीचा सन्मय वेद चक्क गूगल डॉट कॉमचा मालक झाला. १२ डॉलरमध्ये, जेमतेम मिनिटभर! पण ही एक्स्पायरी नव्हती, घोळ सिस्टिमचा होता. गूगलने त्याला ६,००६.१३ डॉलरचं बक्षीस दिलं. इंग्रजी आकड्यांकडे जरा तिरकं बघा, 'गूगल' दिसेल! त्याने ते दान करायचं ठरवलं, तेव्हा गूगलने रक्कम दुप्पट केली.

एकेकाळी फुकट!
माहीत आहे का? पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. १९९५ पर्यंत डोमेनला फीच नव्हती. मग दोन वर्षांचे १०० डॉलर सुरू झाले, आणि विसरण्याची किंमतही!

तारीख चुकली, पुढे काय?
डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. बहुतेक कंपन्या काही दिवसांची सवलत देतात, जास्तीत जास्त ४५ दिवस. नंतर डोमेन डिलीट झालं, तर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, पण जबर दंडासह. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही. मग जो आधी येईल, त्याचं! वेबसाइट आणि ईमेल तर तारीख उलटताच बंद पडू शकतात.

मराठी पत्ता
२०१४ पासून 'डॉट भारत' आलं आहे, म्हणजे देवनागरीतही डोमेन घेता येतं. दुकानाचं नाव मराठीत झळकवा, फक्त रिन्यूअल चुकवू नका!

आता तुमची पाळी
ऑटो-रिन्यू ऑन करा. त्याला जोडलेलं कार्डच एक्स्पायर झालेलं नाही ना, ते बघा. नियमाप्रमाणे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी रिमाइंडर येतोच, पण तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जात असेल तर? ईमेल बदला. डॉट कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं, जमेल तर घेऊन टाका. वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेलं नाव आहे ते, चार पैशांच्या फीपायी दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. उघडा लॉगिन, बघा तारीख. आत्ताच!