पेटीला हात कितव्या वर्षी लावायचा?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोनच विषय असतात. यंदा वाण काय आणि कोणाचं मूल कोणत्या क्लासला जातं. या वर्षी वाणाला चहाची गाळणी होती, त्यामुळे पहिला विषय लवकर संपला.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं मला हळूच बाजूला घेतलं. "काकू, तुम्ही पेटी शिकता ना? आमचा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या बरोबरीची दोन मुलं की-बोर्डला जायला लागली. आम्हाला उशीर तर नाही ना झाला?"

साडेचार वर्षं आणि उशीर! मला हसू आलं, पण ते ओठातच राहिलं. हाच प्रश्न मी 1996 साली चारचौघींना विचारत फिरले होते. आणि त्याचं उत्तर भोगलं माझ्या लेकीनं.

तेव्हा ती सहा वर्षांची. मला लहानपणापासून पेटीचं वेड, पण माहेरी पाच भावंडांत कोण पेटी आणून देणार? म्हणून भिशीचे पैसे आले तशी एक जुनी पेटी घेतली आणि लेकीला क्लासला घातलं. क्लासात पोरं वीस, पेट्या चार. ज्याचा नंबर लागेल त्यानं वाजवायचं, बाकीच्यांनी मांडीवर बोटं आपटायची. घरी मी रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "रियाझ!" ती घड्याळाकडे बघत अर्धा तास वाजवायची. तिसाव्या मिनिटाला भाता बंद. मग अर्धा स्वर हवेत लटकलेला असला तरी चालेल.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन परीक्षा तिने दिल्या, प्रारंभिकला तर पहिला वर्गही मिळाला. मी पेढे वाटले. अकराव्या वर्षी तिने पेटीचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, ही तुझी पेटी आहे. माझी नाही." पेटी माळ्यावर गेली ती वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली.

एवढं होऊन मी शहाणी व्हावं की नाही? नात पाच वर्षांची झाली तशी मी बोरिवलीला लेकीला फोन केला, "आता हिला घालूया." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ती मागेल तेव्हा बघू. आणि तुला एवढी हौस आहे तर तूच का नाही शिकत?" ती रागानेच बोलली होती. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला स्टुलावर चढवून पेटी खाली काढली. आत झुरळांचा संसार, भात्याला चीर, तीन स्वर मुके. दादरला नेऊन दुरुस्त करून आणली. टॅक्सीत मांडीवर पेटी घेऊन बसले होते, बाळंतीण घरी यावी तशी!

चार गल्ल्या सोडून एक वयस्कर सर शिकवतात. मी संकोचत म्हटलं, "सत्तावन्न पूर्ण झालीत." ते म्हणाले, "मग कोणी जबरदस्तीने पाठवलेलं नसणार. बसा."

मुलांच्या वयाबद्दल त्यांना विचारलं तर ते वर्ष सांगतच नाहीत. म्हणतात, पोरगं दहा-पंधरा मिनिटं एका जागी बसतं का? अंगठा सा वर ठेवला तर करंगळी कुठवर पोचते? आणि घरी त्याच्याजवळ कोण बसणार? पहिल्या दोन प्रश्नांना मी मान डोलावली. तिसऱ्याला मान खाली गेली. मी कधी बसलेच नव्हते ना! मी पोळ्या लाटत होते.

खरंतर वाद्यागणिक हिशेब वेगळा. व्हायोलिन छोट्या मापांतही मिळतं, त्यामुळे ते तीन-चार वर्षांच्या मुलाच्याही हाती देता येतं. मोठ्या सतारीमागे मात्र लहान मूल पार दिसेनासं होतं. मोठ्या बासरीच्या छिद्रांवर चिमुकली बोटं नीट बसत नाहीत. पेटीत एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या. ही कसरत मलाच सहा महिने जमत नव्हती. उजवा हात चालला की डावा थांबायचा. माझ्या रागीटपणाची सगळी वाफ त्या भात्यावर निघाली.

लहानपणी सुरुवात केली तर कान लवकर तयार होतो, हे खोटं नाही. कुठलाही सूर ऐकताक्षणी नावानिशी ओळखणारे लोक असतात, त्यांची सुरुवात बहुधा सहा-सात वर्षांच्या आत झालेली असते. पण आपल्या संगीतात सा आपल्या सोयीचा असतो. कोणाचा काळी एक, कोणाचा काळी चार. तिथून बाकीचे सूर शोधायचे, आणि ते मोठेपणीही शिकता येतं.

जपानचे शिनिची सुझुकी (1898-1998) हे तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हायोलिन शिकवण्यासाठी जगभर गाजले. पण त्यांनी स्वतः व्हायोलिन हातात घेतलं ते सतराव्या वर्षी. आणि त्यांच्या पद्धतीत आधी शिकते कोण, तर आई! मूल नुसतं बघत बसतं आणि एक दिवस स्वतःच वाद्य मागतं. हे वाचलं तेव्हा मला लेकीचं फोनवरचं वाक्य आठवलं. तिने सुझुकी वाचला नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण पंडित हरिप्रसाद चौरसियांचं. वडील पहिलवान, त्यांना मुलगा आखाड्यात हवा होता. हे गाणं शिकले ते लपूनछपून, किशोरवयात. 1957 साली कटकच्या आकाशवाणीत लागले, पुढे मुंबईला आले, बासरीवादक म्हणून नाव झालं. आणि तशात ते अन्नपूर्णादेवींकडे पुन्हा शिकायला गेले. पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली! सवयीचा हात सोडून उलट्या हाताने. अंधेरीजवळ जुहूला त्यांचं 'वृंदावन' गुरुकुल आहे. त्या बाजूला गेले की मला माझा हट्टी डावा हात आठवतो.

गेल्या वर्षी मी प्रारंभिकची परीक्षा दिली. बाकावर शेजारी आठेक वर्षांचा मुलगा. त्याने विचारलं, "आजी, तुम्ही कोणाला घेऊन आलात?"

तर त्या सुनेला मी सांगितलं, की-बोर्ड वर्षभर थांबेल. आधी घरात गाणं लागू दे. पेटी बघायला मुलाला खुशाल माझ्याकडे आण, पण हात लावायला सांगू नकोस. आणि क्लासला घातलंस तर रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून त्याच्याजवळ बस. तेवढं जमत नसेल तर फी भरू नकोस. ती जरा हिरमुसली. तिला एखादा आकडा हवा होता.

मेच्या सुट्टीत लेक आणि नात आल्या होत्या. मी यमन वाजवत होते. नात जवळ येऊन बसली, "मी भाता ओढू?" म्हणाली. ओढला, पाच मिनिटं. मग कंटाळली आणि चित्रं काढायला गेली. मी तिला बोलावलं नाही. जीभ दाताखाली धरली म्हणा ना! पुन्हा वाजवायला लागले, तर स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला,

"आई, यमनात म तीव्र आहे. तू मघापासून शुद्ध दाबतेयस."