७२ मतांनी गेलेला मुलगा

१५ आणि १६ सप्टेंबर १९८८ या दोन दिवसांत अमेरिकेतल्या कॉमिक्सवाचकांच्या हाती एका मुलाचा जीव होता. ‘बॅटमॅन’च्या ४२७व्या अंकाच्या शेवटी इथिओपियातल्या एका गोदामात स्फोट झाला होता आणि बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन आत अडकला होता. अंकात दोन फोन नंबर छापले होते. एकावर फोन केला तर रॉबिन जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनचे ५० सेंट. ३६ तासांत १०,६१४ फोन आले. ५,२७१ जणांना तो जगायला हवा होता, ५,३४३ जणांना नको होता. ७२ मतांनी निकाल लागला आणि पुढच्या अंकात मुलगा गेला.

त्याचं नाव जेसन टॉड. वाचक किती निर्दय होऊ शकतात याचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण ती तिथे संपत नाही. ज्या वाचकवर्गानं जेसनला मारलं, त्याच वाचकवर्गानं पुढची पस्तीसेक वर्षं त्याच्या मरणाचा हिशेब मागितला आहे, आणि हा हिशेब ते त्याला मारणाऱ्या जोकर या खलनायकाकडे कमी आणि बॅटमॅनकडे जास्त मागतात. एका सुपरहिरोच्या घरात बाप म्हणून तो कुठे कमी पडला, हा त्यांचा प्रश्न आहे. जेसनच्या मरणाला आणि परत येण्याला आज जी किंमत आहे, ती या प्रश्नामुळे आहे.

दुसरा रॉबिन

बॅटमॅन १९३९मध्ये आला, पहिला रॉबिन एप्रिल १९४०च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात. लेखक बिल फिंगर यांची अडचण साधी होती. एकट्या बॅटमॅनला बोलायला कुणी नव्हतं. होम्सला जसा वॉटसन, तसा त्याला कुणीतरी हवा होता. म्हणून सर्कशीतल्या झुल्यावर कसरती करणारा डिक ग्रेसन आला. त्याचे आईवडील झुल्यावरून पडून मेले, गुंडांनी दोर कमजोर करून ठेवले होते. लहानपणी स्वतःच्या आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेल्या ब्रूस वेननं, म्हणजेच बॅटमॅननं, त्याला घरी आणलं. तेव्हापासून रॉबिन हा नुसता मदतनीस राहिला नाही. तो त्या घरातलं मूल झाला.

डिक मोठा झाला, १९८४मध्ये ‘नाइटविंग’ या नावानं स्वतंत्र झाला. तोवर त्याची जागा घ्यायला जेसन आलेला होता. लेखक गेरी कॉनवे आणि चित्रकार डॉन न्यूटन यांनी १९८३मध्ये घडवलेला हा पहिला जेसन म्हणजे डिकची हुबेहूब नक्कल होती: सर्कस, कसरतपटू आईबाप, त्यांचा खून. १९८५-८६च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या महामालिकेनंतर बॅटमॅनची प्रकाशक असलेल्या डीसी कंपनीनं आपली सगळी पात्रं नव्यानं मांडायला घेतली आणि जेसनचं नशीब पालटलं.

१९८७च्या ४०८व्या अंकात मॅक्स अॅलन कॉलिन्स यांनी लिहिलेला जेसन गॉथम शहरातल्या क्राइम अॅलीत एकटा राहतो. बॅटमॅनच्या आईबापांचा खून झाला तीच ही गल्ली. बाप विलिस टू-फेस या गुंडासाठी काम करायचा, त्याच्याकडूनच मारला गेला. पोट भरायला मुलगा गाड्यांचे सुटे भाग चोरतो. एका रात्री बॅटमॅन परत येऊन पाहतो तर बॅटमोबाइलची चाकं गायब. पोराला गाठतो, तर ते पोर घाबरायचं सोडून चाकं खोलायची पहार त्यालाच हाणतं. गॉथममधले भलेभले ज्याच्या सावलीला भितात, त्याची गाडी या मुलानं उघडी पाडलेली असते. आजचे चाहते जेसनला जीव लावतात तो या प्रसंगापासून. डिक दुःख घेऊन घरात आला होता. जेसन दुःखासोबत राग आणि भूकही घेऊन आला.

तेव्हाच्या पुष्कळ वाचकांना मात्र तो आवडला नाही. जिम स्टारलिन यांनी लिहायला घेतल्यावर जेसन अधिकच तिखट झाला. १९८८च्या ४२४व्या अंकात फेलिपे गार्झोनास हा एका राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा बाल्कनीतून पडून मरतो. त्यानं एका मुलीवर अत्याचार केलेला असतो आणि बापाच्या राजनैतिक संरक्षणामुळे तो कायद्याच्या हातून निसटलेला असतो. जेसननं त्याला ढकललं का? बॅटमॅन विचारतो, तो मला घाबरला असावा, घसरला, एवढंच मोघम उत्तर मुलगा देतो. लेखकानं खुलासा केलाच नाही. चाहत्यांचे आजही यावर दोन तट आहेत.

आई, सिगारेट आणि स्फोट

मतदानाची कल्पना संपादक डेनी ओ’नील यांची. १९८२मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एडी मर्फीनं एका जिवंत लॉबस्टरला शिजवायचं की वाचवायचं, याचा कौल प्रेक्षकांकडून फोनवर घेतला होता. ते ओ’नील यांच्या डोक्यात राहिलं. लेखक स्टारलिन यांना तर रॉबिन ही कल्पनाच पटत नव्हती. स्वतः गडद कपड्यांत अंधारात लपणाऱ्या माणसानं एका पोराला लाल-पिवळ्या रंगांत गोळ्यांपुढे उभं करावं, हे त्यांना खटकायचं.

मतदानाची गंमत एवढी गाजली की मूळ कथा तिच्याखाली दबून गेली. ती पुन्हा वाचायला हवी. ‘अ डेथ इन द फॅमिली’ या चार अंकांच्या कथेत (४२६ ते ४२९, चित्रं जिम अपारो यांची) जेसनला आपल्या जुन्या कागदपत्रांतून कळतं की जिला तो आई समजत होता ती कॅथरीन त्याची जन्मदाती नव्हे. खऱ्या आईच्या नावातलं एकच अक्षर वाचता येतं. त्या अक्षरावरून तो तीन बायकांच्या मागे देशोदेशी फिरतो आणि शेवटी इथिओपियात मदतकार्य करणाऱ्या शीला हेवूडपर्यंत पोचतो. ती त्याची आई निघते. तो तिला मिठी मारतो, आपण रॉबिन असल्याचं विश्वासानं सांगतो. शीला मदतनिधीत अफरातफर करत असते आणि जोकरनं तिला कोंडीत पकडलेलं असतं. ती मुलाला त्याच्या हवाली करते. जोकर पहारीनं त्याला मारत असताना ती तोंड फिरवून सिगारेट पेटवते.

अपारो यांच्या चित्रांत रक्तापेक्षा ही पाठमोरी आई जास्त भयानक दिसते. पुढे जोकर तिलाही बांधून बॉम्ब लावून निघून जातो. हाडं मोडलेला जेसन सरपटत आईजवळ जातो, तिला सोडवतो, पण दार बाहेरून बंद असतं. बॅटमॅन ढिगाऱ्यापाशी पोचतो तेव्हा शीलाचा अजून थोडा जीव शिल्लक असतो. ती मरता मरता सांगते की स्फोटाच्या क्षणी मुलानं स्वतःला तिच्यापुढे झोकून दिलं.

म्हणजे ज्या मुलाला वाचकांनी उर्मट म्हणून नाकारलं, तो आपल्याला विकणाऱ्या आईला वाचवताना गेला. मत देणाऱ्यांना त्याचं हे शेवटचं झोकून देणं माहीत असणं शक्य नव्हतं, ते पुढच्या अंकात कळलं. दोन्ही निकालांची पानं काढून ठेवलेली होती. रॉबिन जिवंत सापडतो ते पान कित्येक वर्षं दप्तरी पडून राहिलं. २०२३मध्ये डीसीनं तो पर्यायी अंक छापला.

निकालानंतर वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. कॉमिक्सकार फ्रँक मिलर यांनी या प्रकाराला अत्यंत हिणकस ठरवलं. कुणी एकानं संगणकाला सारखा तोच नंबर फिरवायला लावून निकाल फिरवला, असं आपल्या कानावर आल्याचं ओ’नील यांनी पुढे सांगितलं. ते खरं असो वा नसो, ७२ हा आकडा चाहत्यांच्या मनात रुतून बसला आहे.

काचेतला पोशाख

जेसननंतर त्या घराचं काय झालं, हे मला मरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. डिकला धाकट्याच्या जाण्याची बातमी उशिरा कळली. ‘द न्यू टायटन्स’च्या ५५व्या अंकात (१९८९) तो ब्रूसला भेटायला जातो. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतील असं वाटतं, पण ब्रूस त्याच्यावर हात उगारतो आणि घराबाहेर काढतो. मूल गेलेल्या घरात उरलेल्या मुलाच्या वाट्याला काय येतं, ते त्या दोन-तीन पानांत आहे.

जेसनचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत, बॅटकेव्हमध्ये, काचेच्या पेटीत उभा राहिला. ही पेटी मिलर यांच्या १९८६च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये, म्हणजे जेसन मरण्याच्याही आधी, दिसली होती. पुढे तिच्यावर पाटी आली, तिच्यात जेसनचा उल्लेख चांगला सैनिक असा आहे. चाहते या पाटीवर फार पोटतिडकीनं बोलतात, आणि माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. पंधराएक वर्षांच्या मुलाच्या स्मारकावर बापाला ‘माझा मुलगा’ असं लिहिता आलं नाही, यात या नात्याची सगळी अडचण दिसते. ब्रूस प्रेम करतो, पण ते व्यक्त करायला त्याच्याकडे फक्त लढाईची भाषा आहे.

१९८९मध्येच टिम ड्रेक हा तिसरा रॉबिन आला. टिम हुशार आणि समंजस. बॅटमॅन दुःखानं बेफाम झाला आहे, त्याला रॉबिनची गरज आहे, हे त्यानं स्वतःहून ओळखलं. घराला आधार मिळाला. गेलेल्याची जागा मात्र वर्षभरात भरली गेली.

परत आल्यावर विचारलेला प्रश्न

कॉमिक्समध्ये कुणी कायमचं मरत नाही; अपवाद फक्त कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन, असं चाहते पूर्वी म्हणायचे. २००५मध्ये त्यातले दोन अपवाद गेले. मार्व्हलनं बकीला ‘विंटर सोल्जर’ म्हणून आणलं आणि डीसीत लेखक जड विनिक यांनी ‘अंडर द हूड’मध्ये जेसनला.

तो कसा जिवंत झाला याचं स्पष्टीकरण ओढूनताणून केलेलं आहे. सुपरबॉय-प्राइम विश्वाच्या भिंतीवर ठोसे मारतो, काळ हादरतो, जेसन शवपेटीत जागा होतो. मग तालिया अल गूल त्याला लॅझरस या संजीवनी कुंडात उतरवते. २०१०च्या ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’ या अॅनिमेशनपटात विनिक यांनीच ते सोपं करून घेतलं.

जोर आहे तो जेसन कशासाठी परत आला यात. त्यानं घेतलेलं लाल मुखवट्याचं ‘रेड हूड’ हे नाव पूर्वी जोकरनं वापरलेलं. ६५०व्या अंकात (२००६) जेसन, ब्रूस आणि बांधलेला जोकर एका खोलीत येतात. मला वाचवू शकला नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही, असं जेसन सांगतो. माझ्यामागे हा अजून जिवंत का, एवढंच त्याला विचारायचं आहे. ब्रूस म्हणतो, मारणं अवघड नाही. अवघड आहे ते त्या वाटेवरून परत फिरणं. मुलाला हे उत्तर पुरत नाही.

आपल्याकडे या पेचाची दोन उत्तरं जुनी आहेत. अभिमन्यू पडल्यावर अर्जुनानं दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा केली. भागवतातली द्रौपदी मात्र पाचही मुलांना झोपेत मारणाऱ्या अश्वत्थाम्याला सोडायला सांगते, त्याच्या आईनं आपल्यासारखं रडू नये म्हणून. जेसनला अर्जुनासारखा बाप हवा होता. त्याच्या बापानं शत्रूला सोडलं, पण द्रौपदीच्या करुणेनं नव्हे, स्वतःच्या भीतीनं. म्हणून त्याचा निर्णय योग्य असूनही मुलाची समजूत घालू शकत नाही. शेवटी जेसन पिस्तूल रोखतो, तेव्हा ब्रूस बॅटरँग हे आपलं फेकायचं हत्यार फेकतो. सिनेमात तो बॅटरँग पिस्तुलाची नळी बंद करतो. कॉमिकमध्ये तो जेसनच्या मानेत घुसतो.

घर म्हणजे काय, याचा वाद

यानंतर जेसन घरातही नाही आणि घराबाहेरही नाही, अशा जागी राहिला. चाहत्यांना हीच जागा जवळची वाटली. त्यांच्या कथांत तो टिमवर आधी चिडतो, मग त्याच्यावर दादागिरी आणि मायाही करतो. घरचा बटलर आल्फ्रेड याच्या हातचा चहा टाळू शकत नाही. जुन्या कादंबऱ्या वाचतो. कुटुंबात बिनसून दूर गेलेल्या माणसाला परत यायचं असतं, पण मान खाली घालायची नसते. ही भावना समजायला गॉथम माहीत असण्याची गरज नाही.

वाचकांचा न्यायही बदलला. २००४मध्ये स्टेफनी ब्राउन ही काही काळ रॉबिन झालेली मुलगी मारली गेली आणि तिच्यासाठी काचेची पेटी उभारली गेली नाही. मुलाला स्मारक आणि मुलीला का नाही, असा जाब वाचकांनी विचारला. त्यासाठी मोहीम चालवली. २००८मध्ये स्टेफनी जिवंत परतली. १९८८मध्ये फोन करून मारणारा वाचकवर्ग वीस वर्षांत स्मारक मागणारा झाला होता.

डीसीला मात्र हे घर जोडण्यात जेवढा रस, तेवढाच मोडण्यात. २०२१मध्ये चिप झडार्स्की यांनी ‘चिअर’ या कथेत बाप-लेकाला एकमेकांचं ऐकायला लावलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘वेन फॅमिली अॅडव्हेंचर्स’ या वेबकॉमिकनं तर लढाया बाजूला ठेवून सगळ्या भावंडांना स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलावर आणलं. २०२३च्या ‘गॉथम वॉर’मध्ये मात्र त्याच झडार्स्कींचा बॅटमॅन जेसनच्या मेंदूत फेरफार करतो. हेतू असा की धोक्याची चाहूल लागताच भीतीनं त्याचं शरीर गळून जावं आणि त्यानं ही लढाई सोडावी. चाहते संतापले, आणि ते बरोबर होतं. मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठी त्याचं मन त्याच्याकडून काढून घेणं हा बापाचा हक्क नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सुपरहिरोंच्या जगात मरण स्वस्त आहे, कारण परतणाऱ्याला बहुधा काहीच झालेलं नसतं. जेसन टॉडचं मरण स्वस्त झालं नाही, कारण तो परतला तरी त्याचं मरण पुसलं गेलं नाही. ते त्याच्या प्रत्येक संवादात आणि बापाच्या प्रत्येक मौनात आहे. वाचायचं असेल तर क्रमानं वाचा: आधी १९८७चा ४०८वा अंक, मग १९८८चे चार, मग ‘अंडर द हूड’. आणि ओळखीतल्या एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या वाचकालाही ते द्या. ब्रूस चुकला का, हा वाद त्याच्याशी घालण्याजोगा आहे.