हार्ड डिस्क घ्यायची, पण कोणती?

पापड-लोणची आणि कर्जाचे हप्ते आज बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते गटाच्या मोबाइलमध्ये साठलेल्या ऐवजाबद्दल. मासिक बैठकांचे फोटो, कर्जखात्याच्या पानांचे फोटो, सगळ्यांची आधार कार्डं आणि पासबुकं, मालाचे फोटो, प्रशिक्षणाचे व्हिडिओ. आमच्या ग्रामसंघात तर आम्ही म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्याही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात. त्यातल्या दोघी आता नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका ताईंचा मोबाइल विहिरीत पडला. त्या ओव्या दुसऱ्या एका ताईंकडेही होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर बैठकीत ठराव झाला, की एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची. आता दुकानात गेल्यावर काय बघायचं, ते सांगतो.

आधी जागा. खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि संगणकाला जोडली की ९३१ जीबी दिसतं. यात दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि संगणक १०२४च्या हिशोबानं, एवढाच फरक. मोबाइलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला, तर १ टीबीत अडीच लाखांच्या आसपास फोटो मावतात. जागा खातो तो व्हिडिओ. चांगल्या प्रतीचा तासभराचा व्हिडिओ सात-आठ जीबी सहज घेतो. गटाला १ टीबी पुष्कळ झाली. लग्नकार्याचं शूटिंग करणाऱ्या मुलीला मात्र २ टीबी किंवा त्याहून मोठी लागेल.

आता मुख्य गोष्ट. दुकानात दोन जाती मिळतात. एक साधी हार्ड डिस्क. तिच्या पोटात गुळगुळीत चकत्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून केसाच्याही कितीतरी पट कमी अंतरावरून एक सुई तरंगत जाते. चालू असताना ती टेबलावरून पडली, की सुई चकतीवर आपटते आणि खेळ संपतो. दुसरी जात एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती धक्का सोसते, वेगही खूप जास्त असतो. पण तेवढ्याच जागेला पैसे बरेच जास्त पडतात. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली, तर तिच्यातली माहिती हळूहळू जाऊ शकते. म्हणून आमचं मत असं : जी सीआरपी ताई एसटीनं गावोगाव हिंडते, तिच्या पिशवीत एसएसडी. ग्रामसंघाच्या कपाटात राहणार असेल, तर साधी हार्ड डिस्क. उगाच महागाची घेऊ नका. वाचलेले पैसे कुठे लावायचे, ते पुढे सांगतो.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. मोबाइलवर जाहिरात येते, सोळा टीबी, अगदी शे-पाचशे रुपयांत. तायांनो, एवढ्या पैशांत सोळा टीबी कुणीच देऊ शकत नाही. उघडून बघितलं तर आत एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं, आणि संगणकाला खोटं सांगणारी चिप. सुरुवातीला फायली जातात. खरी जागा भरली, की पुढच्या फायलींची नावं दिसतात, पण त्या उघडत नाहीत, किंवा जुन्यांवरच नव्या लिहिल्या जातात. कळतं तेव्हा मोबाइलमधलं सगळं पुसून झालेलं असतं. साध्या फिरत्या हार्ड डिस्क आज जगात तीनच कंपन्या बनवतात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी किती वर्षांची ते वाचा. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतल्या ओव्या मिळत नाहीत.

वायरही बघा. यूएसबी ३ असेल आणि संगणकाचं तोंडही ३चंच असेल (ते बहुधा आतून निळं असतं), तर १०० जीबी पंधरा-वीस मिनिटांत जातात. जुन्या तोंडाला जोडली तर पाऊण तास धरा. डिस्क थेट मोबाइलला जोडायचा विचार असेल, तर आधी दुकानातच आपला मोबाइल लावून बघा. फिरत्या डिस्कला वीज जास्त लागते, सगळे मोबाइल ती देऊ शकत नाहीत. आणि दुकानदाराला सांगा, ‘एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या.’ म्हणजे विंडोज, मॅक आणि बऱ्याच नव्या मोबाइलांवर चालते. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही.

आता ते वाचलेले पैसे. त्यांत थोडी भर घालून दुसरी डिस्क घ्या. डिस्कवर टाकलं म्हणून मोबाइलमधलं पुसून टाकलं, तर प्रत परत एकच राहिली. आम्ही दोन घेतल्या. एक कार्यालयाच्या कपाटात असते, दुसरी सचिवताईंच्या घरी गोदरेजच्या कपाटात, कारण आग आणि चोरी एकाच जागी येते. दोन्हींवर आधार कार्डं आहेत, म्हणून पासवर्ड लावलाय. तो अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या वहीत लिहून ठेवलाय. विसरला तर कंपनीही उघडून देत नाही.

मासिक बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क एकापाठोपाठ जोडायच्या, नवे फोटो टाकायचे आणि जुन्यांतल्या कुठल्याही तीन फायली उघडून बघायच्या. आमच्याकडे त्यातली एक नेहमी ओवीचीच असते. मग ‘इजेक्ट’ म्हणायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच वायर काढायची. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो साठवू नका, ते आधीच बारीक झालेले असतात. ज्या ताईंनी काढला त्यांच्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. पुढच्या गुरुवारी याच वेळी, फायलींना नावं कशी द्यायची ते बघू.