थेनथुक आणि तिरफळ

मॅगी भारतात आली १९८३ साली, दोन मिनिटांचा वायदा घेऊन. तेव्हापासून नूडल्स म्हणजे पाकीट हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की पिठाचा गोळा आणि दोन हात एवढ्यावर नूडल्सचं सूप होतं म्हटलं तर लोक संशयाने बघतात. तिबेटी घरांत मात्र ही रोजची गोष्ट आहे. त्यांच्या थुक्प्याचे, म्हणजे या सुपाचे, प्रकार बरेच. लांब शेवयांचा तो ग्याथुक, हाताने तोडलेल्या चपट्या तुकड्यांचा तो थेनथुक. माझा जीव थेनथुकवर.

इतिहास उरकून टाकतो. चीनच्या छिंगहाय प्रांतात, लाजिया इथे, उपड्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले आणि थुक्पा धरमशाला, दिल्लीतला मजनू का टिला, कर्नाटकातलं बैलकुप्पे इथे रुजला. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. झालं.

आता कामाचं. दोघांसाठी वाटीभर मैदा, चिमूटभर मीठ आणि पाणी घेऊन पोळीच्या कणकेसारखं मऊ मळा, तेलाचा हात लावून अर्धा तास झाका. हा अर्धा तास चुकवू नका. मळताना ताठरलेलं ग्लुटेन तेवढ्यात सैलावतं; नाहीतर ओढलेली पट्टी रबरासारखी मागे येते. तोवर तेलात आलं, लसूण, कांदा परता. टोमॅटो, बटाटा आणि मुळ्याच्या चकत्या घाला. मुळा हवाच, त्याच्याशिवाय सूप मिळमिळीत लागतं. पाच वाट्या पाणी, मीठ, खळखळून उकळी. कॉर्नफ्लोअर लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. तुकड्यांचं पीठ सुटून रस आपसूक दाटतो.

हे तुकडे तोडणं मजनू का टिल्यातल्या एका खानावळीत जवळून बघितलंय. तिथल्या बाईंनी पिठाची ओढलेली पट्टी डाव्या मनगटावर टाकली, टोक अंगठ्याने दाबून पातळ केलं आणि नखाएवढे तुकडे भराभर पातेल्यात उडवले. बोलणं चालूच. मला म्हणाल्या, "पानी का उबाल रुकने मत दो, नहीं तो सब चिपक जाएगा." तुकडे वर तरंगले की आणखी दोनेक मिनिटं, मग पालक, आणि गॅस बंद. आपल्या वरणफळांचं हे चुलत भावंडच. फक्त इथे लाटणं नाही, सुरी नाही, म्हणून कडा वेड्यावाकड्या होतात आणि त्यांत रस धरून राहतो.

आणि आता तिरफळ, ज्यासाठी मी इथवर धीर धरला. तिबेटी स्वयंपाकात येरमा असते, म्हणजे सिचुआन मिरी. ती आणि कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ एकाच वंशातले, झँथोझायलम. दोन्हींचं काळं बी टाकायचं आणि टरफल वापरायचं. जिभेला मुंग्या आणणारं द्रव्य सिचुआन मिरीत असतं, त्याचं नाव सॅन्शूल. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही मिरी लोकांच्या ओठांना लावली आणि जाणवणारी थरथर यंत्राच्या कंपनांशी ताडून पाहिली. ती निघाली साधारण ५० हर्ट्झची! तिखटाची आग वेगळी, ही थरथर वेगळी. मला तर ती आगीपेक्षा जास्त आवडते.

म्हणून घरी येरमा नसेल तर मी तिरफळंच घेतो. तीन-चार टरफलं कोरडी भाजून, लाल मिरची, लसूण आणि मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायची, वर चमचाभर कडकडीत तेल. मिक्सर नको, फार बारीक झालं की कडवट लागतं. ही चटणी सुपात शिजवायची नाही, खाताना वाटीत वरून घालायची. कोकणातले नातेवाईक माझ्या या उद्योगावर नाकं मुरडतात. माशाशिवाय तिरफळ म्हणजे त्यांना फुकट घालवल्यासारखं वाटतं. त्यांनाही वाटी दिली तर ती रिकामी होऊनच परत येते, हे आपलं सहज सांगितलं.

थेनथुक उरवू मात्र नका. तुकडे रस पीत राहतात आणि सकाळी पातेल्यात खळ उरते. माणसं मोजूनच मैदा भिजवा.