प्रो. टिंडल यांचें व्यासपीठ

जॉन टिंडल यांचा जन्म १८२० सालीं आयर्लंडांतील एका साध्या घरीं झाला. आरंभीं जमीनमोजणी, पुढें जर्मनींत मारबुर्ग येथें अध्ययन, असें करीत १८५३ सालीं ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पाण्याची धार वांकली म्हणजे तिच्यांत शिरलेला प्रकाशहि तिच्याबरोबर वळतो, हें त्यांनीं तेथें १८५४ सालीं श्रोत्यांस प्रत्यक्ष दाखविलें.

अशी लोकप्रियता समव्यवसायी मंडळींस सहसा रुचत नाहीं. लोकांत नांव मिळविण्याच्या भरांत टिंडल यांनीं आपला शास्त्रीय अधिकार गमाविला, असा टोमणा स्कॉटिश पदार्थविज्ञ पी. जी. टेट यांनीं १८७३ सालीं मारला. टोमणा झोंबणारा खरा. परंतु न्याय्य नव्हे. हवेंतील वायु उष्णतेचे किरण किती शोषितात, हें टिंडल १८५९ सालापासून मोजीत होते. कांच हे किरण अडविते, म्हणून पितळी नळीचीं टोंकें त्यांनीं सैंधवाच्या पारदर्शक तबकड्यांनीं बंद केलीं. नायट्रोजन व ऑक्सिजन यांतून उष्णता जवळजवळ बिनअडथळा गेली. पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड यांनीं मात्र ती अडविली. पृथ्वीच्या तापमानवाढीचा आजचा सारा विचार याच गुणधर्मावर उभा आहे. आणि व्याख्यानांच्या पैशाविषयीं म्हणावें, तर १८७२-७३ च्या अमेरिकेंतील दौऱ्याचा नफा त्यांनीं तेथील तरुण संशोधकांसाठींच देऊन टाकला.