गिअर टाकताना ‘ठक’? आधी शाफ्टखाली वाका

हळद शिजून, पॉलिश होऊन निघाली की हिंगोली जिल्ह्यातल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची पोती हिंगोलीच्या आणि वसमतच्या बाजाराकडे निघतात. गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की खालून ठक्कन वाजतंय.’ आवाज गिअर बदलताना येतो, म्हणून संशय थेट गिअरबॉक्सवर जातो. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, ऐन मोसमात गाडी उभी राहते, पैसा जातो, आणि पुढच्या खेपेला तोच ‘ठक’ परत येतो.

इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि एक्सल अशा वाटेने मागच्या चाकांपर्यंत पोचतो. क्लच दाबला की या सगळ्यांवरचा ताण सुटतो, सोडला की पुन्हा चढतो. वाटेतला एखादा सांधा झिजलेला असेल, तर तेवढी ढिलाई भरून निघताना लोखंडावर लोखंड आपटतं. मालगाडी सुटताना डब्यामागून डब्यात आवाज पळत जातो ना, तोच हा प्रकार. खालच्या गिअरमध्ये चाकांकडे जाणारा पीळ सर्वांत मोठा असतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्याला आवाजही मोठा. गिअरबॉक्स धडधाकट असूनही असं होऊ शकतं, आणि पुष्कळदा तसंच असतं.

म्हणून पाना उचलण्याआधी नीट ऐका. क्लच पूर्ण दाबलेला असताना, दांडा गिअरमध्ये जाता जाता ‘कर्र’ असा आवाज येत असेल, तर क्लच नीट सुटत नाही किंवा सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. हे खरंच गिअरबॉक्सच्या बाजूचं दुखणं. पण गिअर मुकाट्याने पडला आणि क्लच सोडताना, किंवा अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना, ‘ठक’ आला, तर दोष बहुतेक पुढच्या वाटेवर आहे. मिस्त्रीला ‘गिअरमध्ये आवाज आहे’ असं न सांगता नेमका केव्हा येतो ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

बोलेरो, पिकअप, काळी-पिवळी जीप या गाड्यांत पहिला संशयित म्हणजे क्रॉस, शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. खड्ड्यात मागचा एक्सल पाट्यांवर खालीवर होतो, तसा शाफ्टचा कोन सतत बदलतो. वाकड्या कोनातही फिरणं चालू ठेवायचं काम क्रॉसचं. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या असतात आणि टोपीच्या आत बारीक रोलर. ओढ्याचं पाणी, चिखल आणि काळ्या मातीची धूळ सीलमधून आत गेली की ग्रीस संपतं. असा क्रॉस काढून टोपी उघडली, तर ग्रीसच्या जागी लालसर भुकटी दिसते. टोकावर रोलरनी उमटवलेल्या रेघा इतक्या खोल असतात की नख अडकतं. त्या अवस्थेत ग्रीस मारून काही उपयोग नाही.

हाच सांधा आपल्याकडे रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टलाही असतो. शेतात उतरण्याआधी तिथे ग्रीस मारणाऱ्या घरातही अंगणातल्या जीपचा क्रॉस कोरडा असतो. मला ते खटकतं, कारण त्या जीपमध्ये माणसं बसतात. भर वेगात पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडतं आणि गाडी हाताबाहेर जाऊ शकते.

तपासणी घरीही करता येते. गाडी रिकामी, सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. क्रॉसच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग दोन हातांनी धरून उलट दिशांना पिळा. डिफरन्शियलच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई नैसर्गिक असते, पण क्रॉसमध्येच जाणवेल एवढा प्ले असेल, तर तो बदलायचा. टोपीभोवती तांबूस गंज असेल, हळू चालताना ‘चिक-चिक’ येत असेल, तर ती आधीची खूण. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही हलवून बघा. पाट्यांचे यू-बोल्ट मात्र विसरू नका: जादा भरलेल्या गाडीत ते ढिले पडले की एक्सलच जागचा हलतो आणि आवाज अगदी क्रॉससारखा येतो.

अल्टो, स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा लांब शाफ्ट नसतो. तिथे आधी इंजिन माउंटिंगची रबरं बघायची. रबर फाटलं की क्लच सोडताना इंजिन उसळून आपटतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट-कट’ वाजलं, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला.

क्रॉस बदलणं गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, पण काम नीट व्हायला हवं. शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनवर रंगाची खूण करून घ्यायला लावा. चुकीच्या कोनात जोडला तर ‘ठक’ जाईल आणि थरथर येईल. टोपी हातोड्याने ठोकून बसवली तर आतला रोलर आडवा पडतो, म्हणून व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर दाबून बसवलेली बरी. चारही लॉक खाचेत पूर्ण बसलेत आणि सांधा हाताने मोकळा वळतोय, हे जोडण्याआधी स्वतः बघा. ग्रीस निपल असेल तर चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारायचा. पहिली भरलेली खेप झाली की फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा तपासून आवळून घ्या.