आयसोग्लॉस म्हणजे काय?

एखादे भाषिक रूप कुठवर चालते हे नकाशावर दाखवणारी रेघ म्हणजे आयसोग्लॉस. ‘मला’ कुठे थांबते आणि वऱ्हाडी ‘मले’ कुठून सुरू होते, ते ती सांगते. तिला राज्याची सीमा समजणे मात्र चूक. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, नार्नूर आंध्र प्रदेशात. मराठी दोन्हीकडे उरली. नार्नूर परिसरात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी शेजारी नांदतात. मग रेघ ओढावी कुठे, हा आक्षेप रास्तच. पण एक रेघ एकच लकब नोंदवते. बऱ्याच रेघा एकवटल्या तरच बोलीची हद्द मानावी, आणि ती हद्द प्रदेशावरच्या हक्काचा पुरावा म्हणून कधीच वापरू नये.